सिरॅमिक कवच : काठिण्य, भंग आणि काळ

गोळीचे टोक मोडून तिची गतिज ऊर्जा विस्तृत क्षेत्रावर पसरवणारी आणि उरलेला वेग शोषणारी स्तररचना म्हणजे कवच. तिचे आवश्यक घटक दोन : पुढे सिरॅमिकची फरशी, मागे चिवट तंतूंचा थर. नुसती फरशी हे कवच नव्हे.

काठिण्य आणि चिवटपणा हे भिन्न गुण आहेत. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हा भेद रोज हाताळला जातो. पोलादासाठी अॅल्युमिनाचे ग्राइंडिंग व्हील वापरतात, कार्बाइडच्या टूलसाठी हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचे. पण चढवण्यापूर्वी तेच व्हील हलके ठोकून त्याचा नाद ऐकतात, कारण तडा असल्यास ते फिरताना फुटते. सिरॅमिक दाब सोसते, ताण सोसत नाही. अॅल्युमिनाची ताण सोसण्याची क्षमता दाबाच्या क्षमतेच्या सुमारे एक दशांश असते. कवचाचे पुढील सर्व वर्तन या विषमतेतून निष्पन्न होते.

आघाताच्या अवस्था चार. पहिली थोपवणुकीची : सेकंदाला सुमारे 700 मीटर वेगाने आलेल्या गोळीचे टोक फरशीवर चेपते, फुटते, आडवे पसरते. त्याच क्षणी निघालेला दाबतरंग अॅल्युमिनात सेकंदाला सुमारे 10 किलोमीटर धावतो. 8 मिलिमीटरची फरशी ओलांडून तो मागच्या पृष्ठावरून अंशतः ताणतरंग होऊन परततो, तेवढ्या काळात गोळीला जेमतेम एक मिलिमीटर अंतर कापता येते. म्हणजे गोळी आत शिरण्यापूर्वीच फरशीत भंगाची बीजे पडलेली असतात. दुसऱ्या अवस्थेत भेगा शंकूच्या आकारात मागे रुंदावतात आणि भार मोठ्या वर्तुळावर वाटला जातो. तिसऱ्या अवस्थेत शंकूतील चूर्ण, आजूबाजूच्या अखंड भागाने कोंडलेले असल्याने, गोळीचा गाभा झिजवते. चौथ्या अवस्थेत अॅरामिड किंवा पॉलिएथिलीनचे तंतू ताणले जाऊन तुकडे अडवतात.

तेव्हा भंग हा कवचाचा दोष नव्हे, अकाली भंग हा दोष होय.

द्रव्यांची निवड घनतेवरही ठरते. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 7.8 ग्रॅम, अॅल्युमिनाची 3.9, सिलिकॉन कार्बाइडची 3.2, बोरॉन कार्बाइडची 2.5. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेने टाटा मोटर्ससह विकसित केलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या आठचाकी चिलखती वाहनासारख्या रचनेत हा फरक निर्णायक ठरतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभा कवच' या गोळीरोधक जाकिटासाठी बोरॉन कार्बाइड निवडले. हे द्रव्य या तीन सिरॅमिकांत सर्वांत कठीण आणि हलके आहे, मात्र अतितीव्र दाबाखाली त्याची स्फटिकरचना अरुंद पट्ट्यांत कोलमडते, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. म्हणून काठिण्याच्या अंकावरून द्रव्यांची प्रतवारी लावणे अशास्त्रीय आहे.

फुटलेली फरशी त्या जागी पुन्हा तेच काम करू शकत नाही, आणि दोन फरश्यांच्या सांध्यावर कोंडणारा आधार अपुरा पडतो. कवच घेणाऱ्याने काठिण्याचे प्रमाणपत्र पाहून थांबू नये. दुसऱ्या गोळीची आणि सांध्यावर झाडलेल्या गोळीची चाचणी मागावी.