गहू, गोमांस आणि बारा विमाने : एका अफवेचे वाचन

अफवेला इतिहासात स्थान नाही, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. इतिहासकार कागद मागतो आणि अफवेपाशी कागद नसतो. तेव्हा तिची जागा फार तर तळटीपेत. परंतु जी गोष्ट घडली नाही, पण घडेल असे अनेक जाणत्या माणसांना मनापासून वाटले, तिचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकाने करायचा नाही तर कोणी करायचा? काव्यशास्त्रात ॲरिस्टॉटलने नुसत्या शक्यतेपेक्षा संभाव्यतेला वरचे स्थान दिले. अफवा याच संभाव्यतेवर जगते. ती खरी की खोटी हे ठरवून आपण थांबतो. ती पटली का, हा प्रश्न मात्र सहसा विचारत नाही. येथे आम्ही तो विचारू इच्छितो, आणि त्यासाठी एक अगदी अलीकडची अफवा निवडली आहे.

डिसेंबर २०१४ च्या अखेरीस ब्रिटनमधील एका वृत्तपत्राने बातमी दिली, की रशिया अर्जेंटिनाला सुखोई-२४ जातीची बारा बॉम्बफेकी विमाने भाडेपट्ट्याने देणार असून त्याचा मोबदला गोमांस आणि गहू या रूपाने घेणार आहे. बातमीतला धोका उघड होता. दक्षिण अटलांटिकमधील ज्या बेटांना ब्रिटिश फॉकलंड म्हणतात आणि अर्जेंटिना माल्विनास म्हणते, त्यांच्यासाठी १९८२ साली ७४ दिवसांचे युद्ध झाले होते. त्यात अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक मेले, तीन बेटवासी स्त्रियाही मेल्या. त्या बेटांवर पुन्हा विमाने येणार, आणि तीही मांसाच्या बदल्यात! बातमी जगभर फिरली. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री मायकेल फॅलन यांनी बेटांच्या संरक्षणावर दहा वर्षांत १८ कोटी पौंड खर्च करण्याची घोषणा पार्लमेंटात केली. अफवेमुळे हा निर्णय झाला असे आम्ही म्हणत नाही. पण वाचकाच्या मनात या दोन गोष्टी शेजारी-शेजारी बसल्या, हे नाकारता येणार नाही. प्रत्यक्षात तसा करार झाला नाही. अर्जेंटिनाच्या धावपट्टीवर सुखोई-२४ कधीही उतरले नाही.

मग ती पटली का? एक तर तिचा प्रत्येक सांधा खऱ्या घटनांचा होता. जुलै २०१४ मध्ये पुतिन ब्वेनोस आयरेसला येऊन गेले होते. त्याच महिन्याच्या शेवटी अर्जेंटिनाने परकीय कर्जाची परतफेड चुकवली. तिच्या गंगाजळीत डॉलरचा खडखडाट होता. ऑगस्टमध्ये रशियाने युरोप-अमेरिकेतून येणारे मांस आणि इतर खाद्यपदार्थ बंद केले व पर्यायी पुरवठ्यासाठी दक्षिण अमेरिकेकडे मोर्चा वळवला. ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनाने ब्राझीलमार्फत स्वीडनची ग्रिपेन विमाने घेण्याचा मनोदय जाहीर केला. पण ग्रिपेनमध्ये ब्रिटिश बनावटीचे सुटे भाग असतात, आणि ते अर्जेंटिनाला द्यायला ब्रिटनचा विरोध होता. एकाकडे विमाने आहेत, मांस नाही. दुसऱ्याकडे मांस आहे, विमाने नाहीत आणि पैसाही नाही. गोष्ट रचायला याहून अधिक काय लागते? चांगल्या कथेत शेवट अटळ वाटतो, तसा हा सौदा अटळ वाटला.

पण केवळ तर्काने अफवा उभी राहत नाही. तिच्या खाली आठवणीचा थर असावा लागतो. या अफवेखालचा थर जाड आहे, आणि गंमत अशी की तो बहुतांशी ब्रिटनचाच आहे.

१८७६ साली ‘ल फ्रिगोरिफिक’ नावाचे जहाज शीतकरणाची यंत्रे घेऊन फ्रान्सहून ब्वेनोस आयरेसला पोहोचले आणि पाम्पाच्या गवताळ प्रदेशातील गुरांना समुद्रापलीकडची बाजारपेठ दिसू लागली. पुढची अनेक दशके इंग्रजांच्या ताटातले गोमांस मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिनाचे होते. ते वाहून नेणाऱ्या आगगाड्या, ते गोठवणारे कारखाने आणि जहाजे यांत ब्रिटिश भांडवल होते. १९३२ साली ओटावा येथे ब्रिटनने आपल्या साम्राज्यातील देशांना व्यापारात अग्रक्रम देण्याचे ठरवले, तेव्हा अर्जेंटिनाचे गोपालक हादरले. १ मे १९३३ रोजी लंडनमध्ये रोका-रन्सिमन करार झाला. ब्रिटनने गोमांसाचा ठरावीक वाटा विकत घेण्याचे मान्य केले. बदल्यात ब्रिटिश कंपन्यांना सवलती मिळाल्या आणि निर्यातीच्या कोट्यातला ८५ टक्के हिस्सा परकीय मालकीच्या मांस-कारखान्यांकडे राहिला. मांस कोणाचे, आणि त्याची किंमत ठरवणार कोण, हा प्रश्न इतका पेटला की २३ जुलै १९३५ रोजी सेनेटमध्ये या व्यापाराच्या चौकशीवर चर्चा चालू असताना निर्वाचित सेनेटर एन्सो बोर्दाबेहेरे यांचा सभागृहातच गोळी घालून खून झाला. खाण्याच्या वस्तूचा व्यापार हा सौम्य, घरगुती व्यवहार आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अर्जेंटिनाकडून मांस आणि धान्य घेतले, पण त्याची रक्कम लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने साचत गेली. ही शिल्लक डॉलरमध्ये मोकळेपणी बदलून मिळत नव्हती. ज्याच्याकडे आपले येणे आहे त्याच्याच दुकानातून सामान घ्यायचे, अशी ही स्थिती. फेब्रुवारी १९४८ च्या करारानुसार अर्जेंटिनाने ब्रिटिश मालकीची रेल्वे १५ कोटी पौंडांना विकत घेतली. त्याआधी, मे १९४७ मध्ये, पेरॉन सरकारने ग्लॉस्टर मीटिऑर ही १०० जेट लढाऊ विमाने ब्रिटनकडे मागवली. या विमानाचे हे पहिले परदेशी गिऱ्हाईक. तराजूच्या एका पारड्यात मांस आणि दुसऱ्यात विमान असे चित्र कोणी काढले नाही, कारण मध्ये पौंडाचा पडदा होता. पडदा बाजूला केला तर दिसते ते हेच : जो सौदा २०१४ साली ब्रिटिश वाचकाला विलक्षण आणि धोकादायक वाटला, त्याच्या जवळपास जाणारा व्यवहार अर्जेंटिनाने ६७ वर्षांपूर्वी केला होता तो ब्रिटनशीच.

त्या विमानांचे पुढे काय झाले? १६ जून १९५५ रोजी पेरॉनविरुद्ध उठलेल्या नौदलाच्या वैमानिकांनी ब्वेनोस आयरेसच्या भरवस्तीतल्या प्लासा दे मायो या चौकावर बॉम्ब टाकले. तीनशेहून अधिक माणसे मेली. त्या दिवशी मीटिऑर विमाने दोन्ही बाजूंनी वापरली गेली; सरकारच्या बाजूने बंडखोरांचे विमान पाडणारी तीच, आणि नंतर बंडखोरांच्या हाती पडल्यावर राजधानीवर गोळीबार करणारीही तीच. परक्या शत्रूसाठी म्हणून आणलेली शस्त्रे आपल्याच चौकात चालली. गोठ्यातल्या गुराने ज्या वस्तूची किंमत चुकवली, तिचे तोंड कोणाकडे वळेल हे त्या गुराच्या धन्याला कोणी विचारले नव्हते.

अफवेतला रशियाही हवेतून आला नव्हता. जानेवारी १९८० मध्ये, अफगाणिस्तानातील आक्रमणानंतर, अमेरिकेने सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर निर्बंध घातले. अर्जेंटिनात तेव्हा कट्टर साम्यवादविरोधी लष्करी राजवट होती. तरीही तिने या बहिष्कारात सामील व्हायला नकार दिला, आणि १९८१ पर्यंत तिच्या धान्य-निर्यातीचा बहुतांश वाटा सोव्हिएत बंदरांकडे जाऊ लागला. घरात साम्यवादी संशयितांना नाहीसे करणारे सेनापती बाहेर साम्यवाद्यांची भाकरी पुरवत होते. ३ एप्रिल १९८२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत अर्जेंटिनाने बेटांवरून माघार घ्यावी असा ५०२ क्रमांकाचा ठराव आला, तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला नाही; तो तटस्थ राहिला. धान्याने मैत्री काही अंशी विकत घेता येते, युद्धातला साथीदार घेता येत नाही, हा त्या मतदानाचा अर्थ.

या अफवेला भावंडेही पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही खरी ठरली. सप्टेंबर १९५५ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी चेकोस्लोव्हाकियाकडून शस्त्रे घेण्याचा करार जाहीर केला. त्याची किंमत कापूस, तांदूळ अशा इजिप्शियन मालाच्या रूपाने फेडायची होती. मलेशियाने २००३ साली १८ सुखोई-३० विमानांचा सौदा केला, त्याच्या किमतीचा काही भाग पामतेलात होता. थायलंडच्या गोठवलेल्या कोंबड्या आणि लढाऊ विमाने यांची चर्चा त्या दशकात बरीच रंगली. अखेरीस थायलंडने घेतली ती ग्रिपेन. इंडोनेशियाने २०१७ साली ११ सुखोई-३५ विमानांच्या सुमारे १.१४ अब्ज डॉलर किमतीपैकी निम्मी रक्कम पामतेल, कॉफी, चहा अशा मालाने फेडण्याचे ठरवले. २०१८ मध्ये करारावर सह्याही झाल्या, पण विमाने आली नाहीत, आणि २०२१ च्या अखेरीस तो बेत सोडल्याचे जाहीर झाले. म्हणजे अर्जेंटिनाची अफवा खोटी होती, परंतु ज्या जातीची ती होती ती जात खोटी नव्हती.

आणि आपले काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार केला. त्या देशाशी आपला व्यापार रुपयांत चाले. आपल्या खात्यावर जमा झालेले रुपये त्यांनी आपल्याच मालावर खर्च करायचे. चहा, कॉफी, काजू, तंबाखू, मसाले असे कितीतरी जिन्नस त्या खात्यावर तिकडे गेले. पोटाचे आणि विमानाचे खाते एकच होते, फक्त मध्ये रुपया होता. याच मिग-२१ विमानांची बांधणी नाशिकजवळच्या ओझर येथे झाली. म्हणजे द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळी यांच्या पंचक्रोशीत. सप्टेंबर २०२५ मध्ये ही विमाने सेवेतून निवृत्त झाली, तेव्हा त्यांच्या पराक्रमाविषयी आणि अपघातांविषयी खूप लिहिले गेले. मळ्यांत पाने खुडणाऱ्या आणि कारखान्यांत काजू सोलणाऱ्या हातांची आठवण त्यात आमच्या वाचनात आली नाही. आणखी एक विसंगती : ज्या काळात आपण हा माल बाहेर पाठवत होतो त्याच काळात, १९६६ साली, आपण सुमारे १ कोटी टन धान्य आयात करत होतो. रेशनच्या दुकानातला लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे. आपले विमान सोव्हिएत आणि आपली भाकरी अमेरिकन, असा तो काळ होता.

मग ‘मांसाच्या बदल्यात विमान’ या बातमीवर हसू का आले? आम्हांला वाटते, वस्तुविनिमय हा शब्दच आपल्याला मागासलेपणाचा वाटतो. मराठी वाचकाला त्याची आठवण बलुत्याच्या रूपाने आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त वर्णिलेल्या गावात सुतार-लोहारांना त्यांच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याने मिळे. त्या व्यवस्थेतला अन्याय धान्याने मोबदला देण्यात नव्हता; माप कोणाच्या हातात आहे, यात होता. रोका-रन्सिमन करारातला प्रश्नही तोच, आणि लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांचाही तोच. पैसा आला म्हणजे माप नाहीसे होते असे नाही. ते दिसेनासे होते. वस्तुविनिमयाची अफवा क्षणभर तो पडदा दूर करते, म्हणून ती हास्यास्पदही वाटते आणि भीतिदायकही.

अखेरीस या अफवेतला एक कच्चा दुवा सांगायला हवा, कारण त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. सौद्यात द्यायचे म्हणून जे गोमांस सांगितले गेले, ते मुबलक नव्हतेच. देशात भाव चढू नयेत म्हणून अर्जेंटिनाच्या सरकारने २००६ पासून गोमांसाच्या आणि पुढे गव्हाच्या निर्यातीवर बंधने आणली होती. दुष्काळ आणि ही बंधने यांमुळे काही वर्षांतच देशातील गुरांची संख्या सुमारे १ कोटीने घटली, आणि २०१४ च्या सुमारास या देशाची गोमांस-निर्यात लहानग्या उरुग्वेच्याही मागे पडली होती. बातमीतल्या अर्जेंटिनात पाम्पावर असंख्य गुरे चरत होती. प्रत्यक्षातल्या अर्जेंटिनात गोपालक गुरे विकून सोयाबीन पेरत होता. अफवेला विमानांचा क्रमांक ठाऊक होता, गोठा ठाऊक नव्हता. अफवा रचणाऱ्याचे, आणि ती वाचणाऱ्या आपल्या सर्वांचे, लक्ष नेहमी आकाशाकडे असते.

२०२४ साली अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ विमाने घेण्याचा करार केला. किंमत सुमारे ३० कोटी डॉलर. मांसाचा उल्लेख कोठेही नाही. कोणी हसले नाही, कारण व्यवहार डॉलरमध्ये होता. पण ज्या देशाला परकीय चलन मिळते ते प्रामुख्याने सोयाबीन, मका, गहू आणि गोमांस यांतून, त्या देशाचा डॉलर तरी कोठून येतो? अफवा खोटी ठरली असे आपण म्हणतो तेव्हा इतकेच म्हणत असतो, की तिने सांगितलेली पावती सापडली नाही. शेतातून आकाशाकडे जाणारा रस्ता मात्र तेथेच आहे, आणि त्यावर रोज वाहतूक चालू आहे.