कात्री, ठिगळ आणि बडबड्या यंत्रमानव

परदेशी चित्रमालिकेवर कात्री चालते, हे आपण गृहीतच धरतो. कापल्यावर पडलेली भोके कशाने बुजवायची, हा प्रश्न मला अधिक रोचक वाटतो. त्याचे विलक्षण उत्तर १९७८ साली अमेरिकेत दिले गेले.

जपानच्या तात्सुनोको संस्थेची 'गाच्चामान' ही १०५ भागांची मालिका तिथे १९७२ ते १९७४ या काळात दाखवली गेली. पक्ष्यांच्या वेशातले पाच वीर आणि जग जिंकू पाहणारी एक संघटना, असा तिचा विषय. तीत माणसे मरत, शहरे बेचिराख होत, नायकाच्या वाट्याला पित्याचा मृत्यू येई. सँडी फ्रँक या अमेरिकी निर्मात्याने ती घेतली, तेव्हा 'स्टार वॉर्स'ची (१९७७) लाट होती आणि मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेविरुद्ध पालकांच्या संघटनांनी रान उठवले होते. या दोन दडपणांतून ८५ भागांची 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' घडली. पृथ्वीवरच्या लढाया परग्रहांवर गेल्या. कोसळणारे शहर आधीच रिकामे केले होते, असे सांगण्यात येऊ लागले. तोकड्या पडलेल्या भागांत ७-झार्क-७ नावाचा यंत्रमानव नव्याने रेखाटून घातला गेला. जे दाखवायचे नाही, ते तो बोलून निस्तरी. (आपला सूत्रधार निदान नाटककाराच्या संमतीने रंगमंचावर येतो!)

याहून गंभीर प्रकार खलनायकाचा. मूळ बर्ग कात्से एकाच देहात स्त्री आणि पुरुष दोन्ही आहे. अमेरिकेत तो झोल्टार नावाचा पुरुष झाला आणि त्याचे स्त्रीरूप त्याची बहीण ठरले. चित्र तेच, अर्थ मात्र पार पुसलेला. कापलेले निदान कधीतरी जोडता येते.

१९८५च्या 'रोबोटेक'मागचे गणित निराळे. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, म्हणजे किमान ६५ भाग हवेत. 'मॅक्रॉस' होती अवघ्या ३६ भागांची. मग कार्ल मॅसेक यांनी तिला 'सदर्न क्रॉस' (२३) आणि 'मोस्पिडा' (२५) या असंबद्ध मालिका जोडून तीन पिढ्यांची एक गाथा रचली. जुन्याच दृश्यांतून आणखी एक भाग शिवून ८५ पुरे केले. मॅसेक यांच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांशी मी पूर्णतः सहमत नाही. त्यांनी ठिगळे लावली, हे खरेच. पण रॉय फोकर या लाडक्या वैमानिकाचा मृत्यू त्यांनी मृत्यू म्हणूनच ठेवला. अमेरिकी मुलांना दुपारच्या व्यंगचित्रांत अशा दुःखाची सवय नव्हती.