टकल्या सुरूची झोप

'टकल्या सुरू' हे आमच्या काकांनी ठेवलेलं नाव. झाडाचं खरं नाव बाल्ड सायप्रस. गंगापूर रोडच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, परातीएवढ्या कुंडीतला दोन फुटी वामनवृक्ष. नातेवाइकांपैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत पाहिला असेल तर "हे वाळकं झाड कशाला ठेवलंय?" असं विचारलंही आहे.

काका गेल्या श्रावणात गेले. कुंड्या माझ्याकडे आल्या, कारण घरात त्यांना कधीतरी "छान आहे" म्हणणारा मी एकटाच होतो. (कौतुक जपून करावं!) जानेवारीअखेर काकू गच्चीवर आल्या, झाडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, मेलंय ते. तुळस लाव त्यात."

काका असते तर हसले असते. पण मला खात्री नव्हती, म्हणून वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

हे झाड अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतलं. देवदार-पाइनच्या गोतावळ्यातलं असूनही हिवाळ्यात पानं गाळतं, म्हणून 'बाल्ड', टकलं. १६४० च्या सुमारास जॉन ट्रेडस्कंट नावाच्या माळ्याने ते व्हर्जिनियातून इंग्लंडला नेलं. याचं लाकूड पाण्यात सहसा कुजत नाही, आणि तेच त्याच्या मुळावर आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लुईझियानातली जंगलंच्या जंगलं कापून झाली. होड्या, घरांची छपरं, पिंपं, सगळं याचंच. वाचलेली कुठली, तर आडबाजूची किंवा पोकळ, कापून उपयोग नसलेली. नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक नदीकाठी असंच एक झाड आहे. ते किमान २,६२४ वर्षांचं असल्याचं २०१९ साली संशोधकांनी प्रसिद्ध केलं. म्हणजे बुद्धाच्या जन्माआधीचं! तेव्हापासून दर हिवाळ्यात ते मेल्यासारखं दिसत असणार आणि दर वसंतात उठत असणार. आमची काकू तिथे नव्हती म्हणून बरं.

पण झाड उठतं कशाने? ऊब मिळाली की, असं आपण सहज म्हणतो. माणसांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. अमेरिकेच्या शेतीखात्यात फ्रेडरिक कोव्हिल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूबेरीवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की हिवाळाभर उबेत, काचघरात ठेवलेली झाडं वसंतात फुटतच नाहीत. बाहेर थंडी खाल्लेली मात्र भराभर फुटतात. एका झाडाची एकच फांदी त्यांनी काचेतून बाहेर काढून ठेवली. वसंतात ती बाहेरची फांदी पालवली आणि आतल्या फांद्या तशाच ठोंब राहिल्या. मूळ एक, माती एक, पाणी एक! १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. थंडीने झाड नुसतं झोपत नाही, पुरेशी थंडी मिळाली तरच त्याला जाग येते.

आता गंमत बघा. काका मूळचे द्राक्षवाले, पिंपळगाव बसवंतकडचे. ओझरला १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षं लावली, तिथून आपल्या भागातली द्राक्षशेती पसरली असं सांगतात. आधी भोकरी, फकडी. साठच्या दशकापासून थॉमसन. तर ही वेल युरोप-कॅलिफोर्नियात हिवाळाभर बोडकी होऊन झोपते. नाशिकला आली आणि तिची झोप उडाली. इथे तिला झोपावं इतकी थंडी सलग पडतच नाही. सोडून दिली तर ती बारा महिने पाला वाढवत बसेल आणि द्राक्षांच्या नावाने शंख. म्हणून आपल्या लोकांनी हिवाळ्याचं काम कात्रीला दिलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वर्षातून दोनदा वेलीला बोडकी करायची आणि एकदाच फळ घ्यायचं. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. भलतं विषारी प्रकरण, हातमोजे घालून लावायचं, आणि लावणाऱ्याने त्या दिवसांत दारूला शिवायचं नाही, नाहीतर अंगाची लाही होते. काकांचा एक गडी तेवढ्यासाठी ऑक्टोबर महिना रजेवर जायचा.

थोडक्यात, चाळीस वर्षं काकांनी न झोपणाऱ्या झाडाला झोपवलं आणि उठवलं. बाग विकून शहरात आल्यावर त्यांनी आणलं काय, तर स्वतःच्या घड्याळाने झोपणारं आणि स्वतःच उठणारं झाड. सायप्रसचा मुलूख पार फ्लोरिडापर्यंत जातो, त्यामुळे त्याला बर्फ लागत नाही, आपल्या दहा अंशांच्या रात्री पुरतात. करायचं काय, तर वाट बघायची. कात्रीची सवय असलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल! त्यांच्या डायरीत दरवर्षी एकच नोंद आहे: 'टकल्या उठला', आणि तारीख. सगळ्या तारखा २० फेब्रुवारी ते ५ मार्चमधल्या.

यंदा ५ मार्च गेला. ८ गेला. काही नाही.

चूक माझीच होती. पानं नाहीत म्हणजे पाणी कशाला, असं म्हणून डिसेंबरात मी पंधरा-पंधरा दिवस कुंडीकडे बघितलंच नव्हतं. पानं गळली तरी मुळं जागी असतात, आणि हे तर दलदलीतलं झाड. त्यात आपला कोरडा वारा. नखाने शेंड्याची साल खरवडली, आत तपकिरी. खाली खरवडत आलो. तपकिरी, तपकिरी, आणि मधल्या फांदीच्या खाली एकदम हिरवं. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. बोअरचं पाणी बंद केलं (क्षारांनी याची पानं पिवळी पडतात, हे डायरीतच होतं), पिंपातलं साठवलेलं पावसाचं पाणी घातलं. खत नाही, मुळांना हात लावला नाही. अशक्त झाडाची कुंडी बदलणं म्हणजे तापात घर बदलणं. ओळखीच्या एका बागाईतदाराने "थोडा पेस्ट लावून बघ" म्हणून सुचवलं. नको म्हटलं.

१५ मार्चला खोडावर मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. आठवड्यात त्यांची पिसं झाली.

शेंडा मात्र गेला, वरचा वीतभर. तो कापताना हात कापत होता. नंतर कळलं की दलदलीतल्या जुन्या सायप्रसना टोकदार शेंडा नसतोच, माथा छत्रीसारखा सपाट होतो. न्यू ऑर्लिन्सच्या वॉन बँटिंग यांनी त्यावरून बोन्सायची एक सपाट माथ्याची शैलीच रूढ केली. आता मीही वरच्या दोन फांद्या तारेने आडव्या वळवतोय.

काकू परवा पुन्हा गच्चीवर आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "डायरीत तारीख लिहिलीस का?"

लिहिली नव्हती. त्यांच्यासमोरच लिहिली.