दोन इंजेक्शने आणि मधले बारा दिवस

‘बँटिंग यांनी इन्शुलिनचा शोध लावला’ हे वाक्य आपण वर्गात सहज सांगून जातो. वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. प्रयोगशाळेतला अर्क रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला कसा, हे त्यातून कळत नाही. आणि खरी गोष्ट तर तिथेच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. स्वादुपिंडातील कोणता तरी पदार्थ साखरेवर ताबा ठेवतो, हे यावरून दिसले. तो पदार्थ मिळवण्याचे प्रयत्न पुढे अनेकांनी केले. बर्लिनच्या झ्युल्झर यांनी १९०८च्या सुमारास रुग्णांना अर्क टोचूनही पाहिला, पण दुष्परिणामांमुळे तो सोडून द्यावा लागला. बुखारेस्टच्या पाउलेस्कू यांनी १९२१ मध्ये कुत्र्यांवरील यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केले. दरम्यान मधुमेही मुलांपुढे एकच मार्ग होता, उपासमारीचा आहार. त्याने मरण थोडे लांबत असे, टळत नसे.

१७ मे १९२१ रोजी टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात काम सुरू झाले. फ्रेडरिक बँटिंग हे तरुण शल्यविशारद होते, तर मदतनीस चार्ल्स बेस्ट हा नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी. स्वादुपिंडाची नलिका बांधली की पाचकरस तयार करणाऱ्या पेशी झिजतील आणि लांगरहान्सची बेटे तेवढी उरतील, ही बँटिंग यांची कल्पना. पुढे नलिका न बांधताही काम होते असे आढळले. बैलाच्या ताज्या स्वादुपिंडापासून अल्कोहोलच्या साहाय्याने अर्क निघू लागला. कल्पना अनावश्यक ठरली, पण तिने काम सुरू करून दिले हे खरे.

आता प्रश्न होता माणसाचा. टोरांटो जनरल हॉस्पिटल हे विद्यापीठाचे शिक्षण-रुग्णालय. तिथे लेनर्ड थॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा दाखल होता. वजन अवघे ६५ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो. बँटिंग यांची त्या रुग्णालयात नेमणूक नव्हती. त्यामुळे परवानगी मॅक्लाउड यांच्यामार्फत मिळवावी लागली आणि इंजेक्शन दिले ते रुग्णालयातल्या डॉक्टरांनी. तारीख होती ११ जानेवारी १९२२.

परिणाम काय झाला? १०० मिलिलिटर रक्तातील साखर ४४० मिलिग्रॅमवरून ३२० पर्यंत उतरली. परंतु लघवीतील कीटोन गेले नाहीत, मुलाच्या तब्येतीत सुधारणा दिसली नाही, आणि टोचल्या जागी गळू झाले. रुग्णालयाने उपचार थांबवले.

इथे आपण क्षणभर थांबू. साखर उतरली होती; ‘यश आले’ म्हणून जाहीर करण्याचा मोह मोठा होता. पण रुग्णालयातील डॉक्टर केवळ एक आकडा पाहत नव्हते. ते लघवी तपासत होते, इंजेक्शनची जागा पाहत होते, मुलाकडे पाहत होते. अर्कात गुण आहे पण मळही आहे, हे त्या नोंदींनी दाखवले.

मळ काढण्याचे काम जेम्स कॉलिप यांचे. हे अल्बर्टा विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ डिसेंबर १९२१ मध्ये या गटात आले होते. अल्कोहोलचे प्रमाण एका मर्यादेपर्यंत वाढवले की नको असलेली प्रथिने खाली बसतात आणि उपयोगी द्रव्य विरघळलेले राहते. प्रमाण आणखी, ९० टक्क्यांच्या थोडे वर नेले की ते द्रव्यही खाली बसते. मधल्या त्या अरुंद जागेत कॉलिप यांना शुद्ध अर्काची वाट सापडली.

२३ जानेवारीला लेनर्डला नवा अर्क टोचला. एका दिवसात साखर ५२० वरून १२० वर आली, कीटोन नाहीसे झाले. मुलगा तरतरीत दिसू लागला. फेब्रुवारीत आणखी सहा रुग्णांना अर्क देण्यात आला. मार्चमध्ये निघालेल्या शोधनिबंधावर बँटिंग, बेस्ट, कॉलिप यांच्यासोबत रुग्णालयातील कॅम्पबेल आणि फ्लेचर या डॉक्टरांचीही नावे होती.

ही मंडळी गुण्यागोविंदाने नांदत होती असे मात्र नाही. आपले श्रेय जाईल या भीतीने बँटिंग अस्वस्थ असत. कॉलिप यांच्याशी त्यांची चकमकही उडाली. अखेर २५ जानेवारीला कोणीही स्वतंत्रपणे पेटंट घेऊ नये असा लेखी करार झाला. पुढे मोठ्या प्रमाणावर अर्क काढायला गेल्यावर कॉलिप यांची हातोटीच काही काळ हरवली आणि रुग्ण ताटकळले. १९२३ साली पेटंटचे हक्क बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपली रक्कम बेस्टबरोबर, तर मॅक्लाउड यांनी कॉलिपबरोबर वाटून घेतली. खाटेपाशी उभे राहून नोंदी ठेवणाऱ्यांची नावे पुस्तकांतून मागे पडली.

लेनर्ड आणखी १३ वर्षे जगला. १९३५ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला.

वर्गात हा भाग शिकवताना विद्यार्थ्यांपुढे ११ जानेवारीचे आणि २३ जानेवारीचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. मग विचारावे : पहिल्या दिवशी साखर उतरली असूनही उपचार का थांबवले? थांबवले नसते तर काय झाले असते? आणि शेवटी : इन्शुलिन कोणी शोधले? या शेवटच्या प्रश्नाला एकाच नावाचे उत्तर आले नाही, तर धडा नीट समजला असे आपण मानायला हरकत नाही.