कागदी दस्तऐवजांचे जतन

कागदी दस्तऐवजांचे जतन म्हणजे कागदावर लिहिलेल्या वा छापलेल्या महत्त्वाच्या मजकुराचा ऱ्हास रोखणे आणि खराब झालेल्या कागदाची मूळ स्वरूप न बदलता दुरुस्ती करणे होय. यातील पहिल्या भागास प्रतिबंधक जतन, तर दुसऱ्या भागास पुनर्संधारण म्हणतात. ऐतिहासिक कागदपत्रांप्रमाणेच घराचे खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंद यांसारख्या कौटुंबिक कागदांनाही याच पद्धती लागू पडतात.

ऱ्हासाची कारणे

जुन्नरी कागदासारखे हातकागद चिंध्या व वनस्पतींच्या लांब तंतूंपासून बनत, त्यामुळे ते दीर्घकाळ टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद रूढ झाला. त्यातील लिग्निन आणि तुरटी-राळेच्या लेपामुळे कागदात आम्लता वाढते. तो पिवळा पडतो व घडीवर तुटतो. लोहयुक्त शाई कागदाला अक्षराच्या जागी खाते. मोडी कागदपत्रांतील काजळीची शाई मात्र सहसा फिकी पडत नाही.

मुंबई उपनगरांत मोठा शत्रू दमटपणा हा आहे. पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. ती दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या पुढे राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळते. वाळवी, कसर व झुरळे यांनाही दमट, अंधारी जागा मानवते.

२६ जुलै २००५ चा महापूर

या दिवशी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; त्याच काळात कुलाब्यातील नोंद १०० मिलिमीटरच्याही आत होती. मिठी नदीला पूर आला आणि कुर्ला, कलिना, अंधेरी, घाटकोपर या भागांत तळमजल्यावरील घरे व दुकाने पाण्याखाली गेली. अशा पुरात सर्वांत खालच्या खणातील कागद आधी भिजतात आणि पाण्यासोबत आलेला गाळ व मैला त्यांत मुरतो. म्हणून दस्तऐवज जमिनीपासून उंचावर ठेवणे हा उपनगरांतील जतनाचा पहिला नियम ठरतो.

भिजलेल्या कागदांवरील उपाय

भिजलेल्या कागदावर साधारण ४८ ते ७२ तासांत बुरशी येऊ लागते. त्याआधी पुढील उपाय केले जातात :

* ओला गठ्ठा सपाट आधारावर उचलावा. पाने ओढून सुटी करू नयेत.
* शाई विरघळणारी नसल्यास चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, घासू नये.
* पानांखाली व पानांमध्ये टीपकागद किंवा पांढरे सुती कापड घालून ते वारंवार बदलावे.
* पंख्याच्या वाऱ्यात सावलीत वाळवावे. ऊन, इस्त्री व केस वाळवण्याचे यंत्र टाळावे.
* सर्व कागद लगेच वाळवणे शक्य नसल्यास ते पिशवीत घालून गोठवावे. गोठल्याने बुरशी थांबते आणि पुढे निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून ते वाळवता येतात.

गुळगुळीत लेपाची पाने ओली असतानाच सुटी न केल्यास वाळताना कायमची चिकटतात.

पुनर्संधारण

दुरुस्ती पुढे काढून टाकता आली पाहिजे, हे यातील मूलतत्त्व आहे. फाटलेल्या जागी गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जपानी टिश्यू कागदाची पट्टी लावतात. जीर्ण पानाला तशाच कागदाचे अस्तर देतात. आम्लनिरसनासाठी कॅल्शियमची सौम्य द्रावणे वापरतात. परंतु त्यापूर्वी शाईची चाचणी आवश्यक असते. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचे पटल, टिश्यू कागद व ॲसिटोन यांच्या साहाय्याने उष्णतेशिवाय हाताने लॅमिनेशन करण्याची पद्धत विकसित झाली. कालांतराने हे पटलही खराब होते असे आढळल्याने तिचा वापर कमी झाला.

दुकानातील उष्ण प्लास्टिक लॅमिनेशन मूळ दस्तऐवजास घातक असते, कारण ते सुरक्षितपणे काढता येत नाही. चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.

महाराष्ट्रातील संस्था व परंपरा

मुंबईतील अभिलेख कार्यालयाची स्थापना १८२१ मध्ये झाली. आजचे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. कापड धूळ अडवते, पण हवा खेळती ठेवते. कडुलिंबाचा पाला व वेखंड कीटकांपासून संरक्षणासाठी वापरले जात. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक नस्ती जळाल्या आणि संगणकीय प्रतींची गरज ठळक झाली.

कौटुंबिक दस्तऐवज

नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते. नोंदणी न झालेल्या जुन्या कराराच्या बाबतीत ही सोय नसते. पुनर्विकासाच्या किंवा वारसाहक्काच्या वेळी असा एकमेव कागद निर्णायक ठरू शकतो. म्हणून त्याची स्कॅन केलेली प्रत व छायाप्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे हिताचे असते. डिजिटल प्रत मजकूर वाचवते. मूळ सही, शिक्का व मुद्रांक यांची जागा ती घेत नाही. मूळ कागद आम्लरहित पाकिटात, शक्य तितके न दुमडता, बाहेरील भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवावेत आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासावेत.