पीएसपी-२०००: वजन घटले, मेमरी दुप्पट झाली

सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट या जपानी कंपनीने ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ अर्थात पीएसपी या हातात धरून खेळावयाच्या कन्सोलची सुधारित आवृत्ती जुलै २००७ मध्ये अमेरिकेतील ई-३ प्रदर्शनाच्या वेळी जाहीर केली. ‘पीएसपी-२०००’ हा तिचा अधिकृत क्रमांक असून काही बाजारपेठांत ती ‘स्लिम अँड लाइट’ या नावाने ओळखली गेली. ऑगस्टअखेर हाँगकाँगमध्ये आणि सप्टेंबरमध्ये अमेरिका, युरोप व जपान येथे तिची विक्री सुरू झाली. अमेरिकेत तिची किंमत १६९.९९ डॉलर, तर जपानमध्ये १९,८०० येन ठेवण्यात आली होती.

डिसेंबर २००४ मध्ये जपानच्या बाजारात आलेला मूळ पीएसपी शक्तिशाली होता, परंतु बॅटरीसह त्याचे वजन २८० ग्रॅम भरत असे. नव्या आवृत्तीत ते १८९ ग्रॅमवर आणण्यात आले, तर जाडी २३ मिलिमीटरवरून १८.६ मिलिमीटर झाली. प्रतिस्पर्धी निन्टेन्डोने २००६ मध्येच आपल्या कन्सोलची सडपातळ ‘डीएस लाइट’ ही आवृत्ती आणली होती, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. वजनातील या घटीसाठी बॅटरीही लहान करण्यात आली. तिची क्षमता १,८०० वरून १,२०० मिलीअँपियर-तास झाली. यंत्राचा वीजवापर कमी केल्याने खेळण्याचा कालावधी जवळपास पूर्वीइतकाच राहतो, असे कंपनीचे म्हणणे होते. जुनी जाड बॅटरी नव्या यंत्रात बसत असे, मात्र मागील झाकण त्यावर लागत नसे.

४.३ इंचाचा पडदा आणि ४८० बाय २७२ बिंदूंची त्याची स्पष्टता यांत बदल झाला नाही. खरा बदल आत होता. मुख्य मेमरी ३२ मेगाबाइटवरून ६४ मेगाबाइट करण्यात आली. पीएसपीचे खेळ यूएमडी या छोट्या चकतीवर येत. चकती फिरवून माहिती वाचण्यास वेळ लागे आणि प्रत्येक नव्या टप्प्यापूर्वी खेळाडूला ताटकळत बसावे लागे. वाढीव मेमरीत चकतीवरील माहिती आधीच साठवून ठेवता येऊ लागल्याने अनेक खेळांतील ही प्रतीक्षा कमी झाली.

मग या दुप्पट मेमरीतून अधिक भव्य खेळ का निर्माण झाले नाहीत? कारण साधे आहे. तोपर्यंत जगभर लक्षावधी जुने पीएसपी विकले गेले होते आणि प्रत्येक नवा खेळ त्यांवरही चालणे आवश्यक होते. त्यामुळे निर्मात्यांना ३२ मेगाबाइटच्या मर्यादेतच काम करावे लागले. मार्च २००८ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर पोर्टेबल सेकंड जी’ या खेळाने तर खेळातील माहिती मेमरी स्टिकवर उतरवून घेण्याची सोय दिली आणि जुन्या यंत्राच्या मालकांचीही प्रतीक्षा कमी केली. प्रोसेसरचा ३३३ मेगाहर्ट्झ हा वेग नव्या यंत्राची देणगी असल्याचा समजही चुकीचा आहे. २००७ च्या मध्यास आलेल्या ३.५० क्रमांकाच्या सॉफ्टवेअरने तो जुन्या यंत्रालाही खुला केला होता.

सर्वाधिक चर्चा झाली ती टीव्ही जोडणीची. स्वतंत्रपणे विकत घ्यावयाच्या केबलने पीएसपीवरील चित्रपट, छायाचित्रे आणि संगीत मोठ्या पडद्यावर आणता येऊ लागले. खेळांसाठी मात्र अट होती. ते केवळ प्रोग्रेसिव्ह चित्रसंकेत स्वीकारणाऱ्या टीव्हीवर, कॉम्पोनंट केबलद्वारेच दिसत. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जोडणी असलेल्या जुन्या टीव्हीवर चित्रपट पाहता येई, खेळता येत नसे. योग्य टीव्ही असला तरी खेळाचे चित्र पडदाभर न पसरता मधोमध, सभोवती काळी चौकट ठेवून उमटे. जाहिरातीतील ‘टीव्हीवर खेळा’ या आश्वासनाच्या तुलनेत हे तसे तोकडेच म्हणावे लागेल. २००८ मध्ये आलेल्या पीएसपी-३००० ने साध्या टीव्हीची अडचण दूर केली, काळी चौकट मात्र कायम राहिली.

यूएसबी केबलने संगणकावरून चार्जिंग करण्याची सोय नवी होती. ध्वनिवर्धक समोरच्या बाजूस आणण्यात आले. क्वचितच वापरले जाणारे इन्फ्रारेड पोर्ट काढून टाकण्यात आले. जपानमध्ये ‘वनसेग’ या तेथील मोबाइल प्रसारणसेवेसाठी वेगळा ट्यूनर मिळत असे. अन्यत्र त्याचा उपयोग नव्हता.

जुन्या आणि नव्या यंत्रांतील दरी उघड झाली ती जानेवारी २००८ मध्ये. ३.९० क्रमांकाच्या सॉफ्टवेअरसोबत पीएसपीवर स्काइप आले आणि वाय-फायद्वारे दूरध्वनीसारखे बोलता येऊ लागले. त्यासाठी मायक्रोफोनसह हेडसेट लागे. ही सुविधा फक्त पीएसपी-२००० ला मिळाली. जुन्या यंत्राची ३२ मेगाबाइट मेमरी तिला अपुरी होती. तीन वर्षांपूर्वी पूर्ण किंमत मोजलेल्या ग्राहकांना ही गोष्ट कायमची नाकारली गेली. स्काइप सेवा मे २०२५ मध्ये बंद झाल्याने आज ही सुविधा कोणत्याच पीएसपीवर उपयोगाची नाही.

जुन्या बाजारात पीएसपी घेणाऱ्यांनी यंत्रावरील क्रमांक पाहावा. २००१ म्हणजे उत्तर अमेरिकेसाठीचे आणि २००४ म्हणजे युरोपसाठीचे यंत्र; शेवटचा अंक प्रदेश दर्शवतो. खेळांच्या चकत्या सामान्यतः कोणत्याही प्रदेशाच्या यंत्रावर चालतात, चित्रपटांच्या यूएमडींना मात्र प्रादेशिक बंधन असते. बॅटरी अवश्य काढून पाहावी. ती फुगलेली असल्यास मागील झाकण नीट बसत नाही. अशी बॅटरी चार्ज करू नये वा टोचू नये. ती इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.