एकट्याची होडी

मांजरा ही मुळात होडीची नदी नव्हती. बालाघाटाच्या डोंगरात पाटोद्याकडं उगवायची, पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहायची अन् उन्हाळ्यात वाळूत जिरून जायची. अशा नदीसाठी कोण होडी करून ठेवणार? पूर आला की गुऱ्हाळातली गुळाची काहिल पाण्यात लोटायची. बाळंतीण, आजारी माणूस, बियाण्याचं पोतं सगळं तिच्यातनं पैलतीराला जायचं.

पण काहिल गोल. तिला ना नाक ना शेपूट. एकट्यानं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगरायची. म्हणून दोन्ही अंगांना पोहणारे गडी लागायचे. भोई लोक ते काम करायचे. पाण्यावर एकट्यानं जाण्याचा विचारच तेव्हा नव्हता.

१९८०च्या सुमारास धनेगावला मांजरा धरणात पाणी अडलं. रानं, विहिरी, आमराया पाण्याखाली गेल्या आणि जिथं घोटाभर पाणी असायचं तिथं समुद्रासारखं तळं झालं. मासेमारी सुरू झाली तशी होडी आली. लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकायचा, सांध्यात डांबर भरायचं, झाली होडी. ती दोघांच्या मापाची असे. मागचा वल्हवायचा, पुढचा जाळं सोडायचा अन् ओढायचा. मासे विकून आलेला पैसा दोघांत निम्मानिम्मा.

हे जमलेलं गणित मोडलं ते ऊसतोडीनं. आमच्या बीड जिल्ह्यातनं दसरा-दिवाळीला माणसं कारखान्यावर जातात, हे नवं सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतली की जावंच लागतं. धरण भरलेलं असतं नेमकं तेव्हाच होडीतला एक गडी ट्रकमध्ये बसून निघून जायचा. मागं राहायचा तो म्हातारा, नाहीतर ज्याच्या घरी दुखणं आहे असा. होडी दोघांची अन् माणूस एकच.

एकटा माणूस सवयीनं मागं बसला की पुढचं नाक वर उठतं. उठलेल्या नाकाला वारा लागतो आणि होडी तोंड फिरवते. मधोमध बसावं तर तिथं होडी सगळ्यात रुंद. काठावरनं वाकून वल्हं मारताना कोपर काठाला घासतं, वल्हं तिरपं पडतं, प्रत्येक हाताला होडी दुसऱ्या अंगाला वळते. त्यातच एका बाजूनं जाळं ओढायचं. उलटली तर दुसरा हात द्यायला कुणी नाही. घरची माणसं दिवेलागणीला काठावर येऊन उभी राहायची ती काय उगाच नाही.

आमच्या ओळखीतल्या एका भोई तात्यांनी यावर इलाज काढला. त्यांनी होडीचा तळ होता तसाच सपाट अन् रुंद ठेवला. मधली आडवी फळी मात्र काढून वीतभर आखूड केली, दोन्ही बाजूंना दोर लावून वरचे काठ आत ओढले अन् फळी पुन्हा ठोकली. खाली पोट तेवढंच, वर गळा बारीक, आपल्या घागरीसारखं. बसायची फळी मागनं काढून मध्याच्या जराशी मागं आणली. तळाला लांबीभर एक पट्टी उभी मारली, म्हणजे होडी नाकासमोर चालावी. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आरं बाबा, माणसाला तोलून धरतो तो तळ. काठ निस्ता वल्ह्याच्या आडवा येतो. मंग काठ कशाला रुंद ठेवायचा?"

पुढं वाचनात आलं की असाच विचार दूरदेशीही झाला होता. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलानं उत्तर अमेरिकेत पाहिलेल्या होड्यांवरनं एकट्यासाठी होडी बांधून घेतली. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच. त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं होतं, त्यामुळं डावा-उजवा हात सारखा चालायचा. अमेरिकेतला जॉर्ज सिअर्स हा तर चपला-बूट शिवणारा, अंगानं किरकोळ, छातीच्या रोगानं पिचलेला. जड होडी खांद्यावर घेऊन या तळ्यातनं त्या तळ्यात नेणं त्याला झेपेना. १८८३ साली रश्टन नावाच्या कारागिरानं त्याच्यासाठी ९ फुटांची, जेमतेम पावणेपाच किलोची होडी केली. तिच्यातनं सिअर्सनं २६६ मैलांचा जलप्रवास केला.

त्या दोघांना एकटं फिरायची हौस होती. आमच्या तात्यांचा जोडीदार उसाच्या फडात होता. होडीचा आकार दोन्हीकडं माणसाच्या मापानं बदलला, पण माणूस एकटा का पडला, याचं कारण वेगळं.

नंतर पत्राही महागला. आता पुष्कळजण थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, दोन्ही हातांत थाळ्या घेऊन पाणी सारतात. ते स्वस्त आहे, एकट्याला उचलतं, पण त्याला काठही नाही अन् पोटही नाही. वारा सुटला की माणूस पाण्याच्या हवाली.

२०१६च्या दुष्काळात धरण कोरडं पडलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांच्या ध्यानात आहे. त्या साली भेगाळलेल्या गाळावर होड्या पालथ्या पडल्या होत्या. काही रुंद काठाच्या, काही घागरीच्या गळ्याच्या. घरोघरची माणसं कधी कमी झाली ते गावाच्या कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही. त्या होड्यांच्या काठावर मात्र ते वाचता येत होतं.